आधी करवत, मग पेरणी

आपल्याकडे रानातल्या जनावरांनी पीक खाऊ नये म्हणून माणूस रात्र जागवतो. विदर्भात याला जागलीला जाणे म्हणतात. माळ्यावर बसायचे, पत्र्याचा डबा वाजवायचा, रोही आणि रानडुकरे हाकलायची. त्याच शेतकऱ्याला सांगितले, की अमेरिकेत लोक कर्ज काढून जमीन घेतात, तिच्यात ट्रॅक्टर घालतात, चुना-खत टाकतात आणि हरणांनी खावे एवढ्यासाठीच पेरतात, तर तो आधी हसेल आणि मग विचारेल, वेडे आहेत का? वेडे नाहीत, शिकारी आहेत. निदान बहुतेक जण. शरद ऋतूत स्वतःच्या जमिनीवर पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार करणे तिथे कायदेशीर आहे, परवान्याने होते, आणि त्या मांसावर अनेक घरांचा हिवाळा निघतो. काही मालक बंदूक उचलतही नाहीत; त्यांना संध्याकाळी ओसरीतून हरणे दिसली की पुरे. दोघांनाही जमीन हातात आल्याबरोबर पडणारा प्रश्न मात्र एकच असतो: इथे काय पेरू?

माझ्या मते हा प्रश्नच उलट्या टोकाने धरलेला आहे. या विषयावर गेल्या पन्नास वर्षांत तिथल्या विद्यापीठांनी, वनखात्यांनी आणि शिकाऱ्यांच्या संघटनांनी जे शिकून ठेवले आहे, ते एकत्र पाहिले तर बियाण्याची पिशवी यादीत बरीच खाली जाते.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय हा छंद कळत नाही. 1900च्या सुमारास अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची हरणे जेमतेम पाच लाख किंवा त्याहूनही कमी उरली होती. मांस आणि कातड्यासाठी बाजारी शिकार, आणि वर जंगलतोड. 1900चा लेसी कायदा आला आणि बेकायदा मारलेल्या प्राण्यांचा राज्याराज्यांतला व्यापार बंद झाला. 1937च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने शिकारी बंदुका आणि काडतुसांवरच्या केंद्रीय कराचा पैसा थेट राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला. आज तीच हरणे तीन कोटींच्या घरात आहेत. या दोन कायद्यांच्या मधल्या काळात आल्डो लिओपोल्ड या वनाधिकाऱ्याने 1933 साली वन्यप्राणी-व्यवस्थापनावर पाठ्यपुस्तक लिहिले. त्यातला गाभा असा, की कुऱ्हाड, नांगर, गुरे, आग आणि बंदूक या ज्या साधनांनी वन्यजीव संपवले, तीच साधने डोक्याने वापरली तर ते परत आणता येतात. 1935 साली त्याने विस्कॉन्सिन नदीकाठची एक पार खंगलेली, सोडून दिलेली शेतजमीन विकत घेतली आणि कुटुंबासह तिथे हजारो झाडे लावली. नवी जमीन घेऊन तिला पुन्हा रानपण देऊ पाहणाऱ्या अमेरिकन माणसाचा हा मूळपुरुष. त्याच्या यादीत पाच साधने होती, हे लक्षात ठेवावे. आजच्या नव्या मालकाला बहुतेकदा एकच सुचते, नांगर.

नांगर एवढाच का उरला, त्यालाही कारण आहे. 1975 साली टेक्सासमधल्या अल ब्रदर्स आणि मर्फी रे या दोघा जीवशास्त्रज्ञांनी हरणांच्या कळपाच्या दर्जावर पुस्तक काढले: कोवळ्या नरांना जगू द्या, माद्या पुरेशा मारा, कळप चाऱ्याच्या मापात ठेवा. 1988 साली साउथ कॅरोलिनात जो हॅमिल्टन यांनी या विचाराची संघटना उभी केली. तीच 2020 मध्ये दुसऱ्या एका संस्थेत मिळून आजची नॅशनल डिअर असोसिएशन झाली. मूळ विचारात चारा हा एक भाग होता. पण नर सोडून देणे फुकट असते, माद्या मारणे फुकट असते. बियाणे तेवढे विकता येते. मग दुकाने भरली, पिशव्यांवर भल्या थोरल्या शिंगांचे नर छापले गेले, आणि ‘फूड प्लॉट’ हा शब्द साऱ्या विषयाचेच नाव होऊन बसला.

जमिनीच्या मापापासून सुरुवात करू. 1785च्या कायद्याने अमेरिकेचा बराच मुलूख चौरस मैलांच्या चौकटींत आखला गेला. एक चौकट म्हणजे 640 एकर, आणि तिचा सोळावा भाग म्हणजे 40 एकर, जो आजही जमीनविक्रीत सारखा दिसतो. एका प्रौढ हरणाचा वावर ढोबळमानाने चौरस मैलभर धरतात; ठिकाणानुसार तो पुष्कळ कमीजास्त होतो. म्हणजे चाळीस एकरांच्या मालकाकडे हरणाच्या घराचा रुपयात आणाच आहे. शिवाय दीड वर्षांचा होईतो बहुतेक तरुण नर जन्मस्थान सोडून कित्येक मैल लांब जातो. तुम्ही लसूणघास खाऊ घालून वाढवलेला नर दुसऱ्याच्या शिवारात संसार थाटतो आणि तुमच्याकडे तिसऱ्याचा येतो. कायद्यानेही हरीण मालकाचे नाही. वन्यप्राणी जनतेचे आणि राज्य त्यांचे विश्वस्त, हे तत्त्व तिथे एकोणिसाव्या शतकापासून न्यायालयांनी मानले आहे. तेव्हा खरा प्रश्न असा: या चौरस मैलात शेजाऱ्यांकडे जे नाही, आणि वर्षाच्या ज्या महिन्यांत नाही, ते माझ्या तुकड्यावर देता येईल का? इलिनॉय-आयोवात चारी बाजूंना मका-सोयाबीन पसरलेले असेल तर आणखी दोन एकर सोयाबीन पेरून काय साधणार? तिथे कमी असतो तो आडोसा. उलट अप्पर मिशिगनच्या सलग जंगलात एक एकर क्लोव्हरही मेजवानी ठरते.

हरीण खाते काय, याबद्दल आपल्या वाचकाने चितळाचे चित्र डोळ्यांपुढून थोडे बाजूला ठेवावे. चितळ गवतावर निभावते. पांढऱ्या शेपटीचे हरीण रवंथ करणारेच, पण त्याचे पोट शरीराच्या मानाने लहान. भाराभर वाळके गवत त्याला पचत नाही. ते वेचून खाते: कोवळे कोंब, झुडपांचा पाला, रुंद पानांची तणे, फळे, ओकच्या बिया. शंभर पौंडांचे हरीण दिवसाला सहा ते आठ पौंड खाते, आणि त्यात प्रथिने किती यावर बरेच ठरते. टेक्सासमधल्या केर संशोधन केंद्रात 1974 पासून बंदिस्त हरणांवर प्रयोग झाले. 16 टक्के प्रथिनांचा खुराक मिळालेल्या नरांची शिंगे आणि शरीर 8 टक्केवाल्यांपेक्षा ठळकपणे मोठे झाले. शिंगे वाढतात वसंतापासून ऑगस्टपर्यंत. माद्या पाडसांना पाजतात तेही उन्हाळ्यातच. म्हणून दक्षिणेत खरी ओढाताण ऑगस्टमध्ये असते, रानातला पाला जून होतो तेव्हा. उत्तरेत ती फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, बर्फाखाली काहीच सापडत नाही तेव्हा. शिकारीच्या मोसमात हरणे नजरेसमोर यावीत म्हणून ऑक्टोबरात हिरवे दिसणारे पीक लावतात, पण हरणांची गरज त्या महिन्यात सर्वांत कमी असते. रानात ओकच्या बियांचा सडा पडलेला असतो. हरणाला खाऊ घालणे आणि हरणाला आकर्षित करणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि बियाण्याच्या जाहिरातीत ती हटकून एक केलेली असतात.

पहिले वर्ष बघण्याचे असावे. हवाई छायाचित्रे आणि सरकारी मृदा-नकाशे फुकट मिळतात. फेब्रुवारीत पाने झडलेली असताना हिंडले की पायवाटा, बसायच्या जागा, शिंगे घासलेली खोडे सगळे उघडे पडते. सर्वांत उपयोगी, आणि सर्वांत कमी लोक करतात ते काम म्हणजे झुडपांची टोके तपासणे. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळे त्याने खाल्लेला कोंब फाटल्यासारखा दिसतो. सशाचा काप सुरीने घेतल्यासारखा तिरपा आणि साफ असतो. हरणांना एरवी न आवडणारी झाडेही ओरबाडलेली असतील तर त्या रानात तोंडे जास्त झाली आहेत. तिथे आणखी प्लॉट पेरणे म्हणजे दुखणे वाढवणे.

आता करवत. पूर्व अमेरिकेत अशा विकाऊ जमिनीचा मोठा भाग म्हणजे जुनी शेते पडीक राहून वाढलेले जंगल, साऱ्या झाडांचे वय जवळपास सारखे, वरचा पर्णसंभार एकमेकांत मिटलेला. फिरायला सुंदर. हरणाच्या दृष्टीने ओस, कारण जमिनीपासून त्याच्या तोंडापर्यंतच्या चार-पाच फुटांत काही उगवतच नाही. टेनेसी विद्यापीठाचे क्रेग हार्पर आणि त्यांचे विद्यार्थी हेच मोजत आले आहेत: निवडक झाडे काढून जमिनीवर ऊन पोहोचवले, आणि जिथे जमेल तिथे दोन-चार वर्षांनी नियंत्रित आग फिरवली, की एकरी चारा अनेक पटींनी वाढतो. चांगले ओक राखायचे, त्यांना दाबणारी कमी कामाची झाडे काढायची किंवा साल गोल कापून उभीच मारायची. लाकूड विकण्याजोगे असेल तर या कामात पैसे जाण्याऐवजी येतात. मात्र झाडे कुठली काढायची हे लाकूड विकत घेणाऱ्याला ठरवू देऊ नये. स्वतंत्र सल्लागार वनतज्ज्ञ नेमावा. नाहीतर नेमके उत्तम ओक जातात आणि भंगार उरते.

छोट्या झाडाचे खोड अर्धवट कापून ते जिवंतच आडवे पाडायची पद्धत शिकाऱ्यांत फार लाडकी आहे. पाला तोंडाशी येतो, आडोसा त्याच दिवशी तयार होतो. पण सरसकट केले तर पुढच्या मालकाला ते रान साफ करणे अशक्य होते, आणि कापताना खोड उभे चिरून माणसाच्या अंगावर उसळू शकते. एकट्याने करण्याचे हे काम नाही.

पडीक शेताचे गणित त्याहून सोपे. बऱ्याच जागी ते फेस्क्यू या परक्या गवताच्या गालिच्याखाली असते. तो गालिचा मारला आणि हिवाळ्यात जमीन हलकी उकरली, की मातीत वर्षानुवर्षे पडून असलेले बी आपोआप उठते: रॅगवीड, पोकवीड, रानटी शेंगवर्गीय. रॅगवीड म्हणजे आपल्या गाजरगवताच्या जवळच्या नात्यातले. त्याच्या परागकणांनी निम्मी अमेरिका ऑगस्टपासून शिंकत असते. त्याच्या कोवळ्या पाल्यात प्रथिने मात्र लसूणघासाच्या तोडीची. शेजारी म्हणतील, शेत मोकाट सोडले. म्हणू द्यावे. फक्त मे-जूनमध्ये त्यावर गवत कापायचे यंत्र फिरवू नये. पाडसे तिथेच निपचित पडून असतात आणि यंत्र आले तरी उठत नाहीत.

उलट ‘हरणांसाठी’ म्हणून मुद्दाम आणलेल्या झाडांचा अनुभव वाईट आहे. ऑटम ऑलिव्ह हे आशियाई झुडूप विसाव्या शतकात सरकारी यंत्रणांनीच वन्यजीवांसाठी म्हणून वाटले. आज तेच उपटायला अनुदान मिळते. घाणेरीची कथा माहीत असलेल्या आपल्या वनरक्षकांना याचे नवल वाटणार नाही.

इतके झाल्यावर पेरणी. एकूण जमिनीच्या तीन ते पाच टक्के तुकडे पुष्कळ होतात. पहिले काम माती परीक्षण. विद्यापीठांची विस्तार केंद्रे ते थोडक्या पैशात करतात. पूर्व अमेरिकेची जंगलजमीन बहुधा आम्ल असते, सामू साडेपाचच्या आसपास, आणि क्लोव्हर-लसूणघासाला साडेसहा हवा. आपल्या काळ्या जमिनीत दुखणे नेमके उलटे, त्यामुळे देशावरच्या माणसाला शेतात टनाने चुना ओतणे विचित्र वाटेल. कोकणच्या जांभ्यावर शेती करणाऱ्याला नाही. चुन्याचा पूर्ण परिणाम यायला सहा महिने ते वर्ष लागते. म्हणजे वसंतात जमीन घेऊन त्याच वसंतात महागडे मिश्रण पेरणारा माणूस खताचे निम्मे पैसे मातीत घालतो, आणि तेही शब्दशः.

बियाण्यांत आपल्या ओळखीची नावे खूप भेटतात. क्लोव्हर म्हणजे बरसीमाचेच भावंड. चवळी आहेच. दक्षिणेकडे ‘लॅबलॅब’ म्हणून मोठ्या तोऱ्यात विकला जातो तो आपला वाल. चवळी, वाल, सोयाबीन हा उन्हाळ्यातला उत्तम प्रथिनांचा चारा, पण तुकडा दोन-तीन एकरांपेक्षा लहान आणि हरणे दाट असली तर पिकाला चौथे पान फुटायच्या आत ते संपते. मग आधी विजेचे कुंपण घालायचे आणि पीक गुडघ्याला आले की काढायचे, असा उलटा प्रकार करावा लागतो. लहान तुकड्याला पांढरा क्लोव्हर बरा. तो चरल्याने मरत नाही आणि नीट राखला तर तीन-चार वर्षे टिकतो. बी इतके बारीक की पाव इंचापेक्षा खोल गेले तर उगवत नाही. म्हणून ऑगस्टअखेर ओट किंवा गव्हाच्या आधाराने वरवर पेरतात. नाहीतर हिवाळ्याच्या शेवटी गोठलेल्या जमिनीवर नुसते फेकतात. दिवसा वितळणारी आणि रात्री गोठणारी माती भेगाळते आणि बी आपसूक आत ओढून घेते. राय हे धान्य कसल्याही मातीत येते आणि माती सुधारते, म्हणून नव्या माणसाने पहिले पीक तेच घ्यावे. सलगम आणि मोहरीवर्गाचा गाजावाजा मोठा, पण काही भागांत हरणांना ते अन्न आहे हे कळायलाच एक-दोन वर्षे जातात.

पिशवीचे चित्र पाहू नये, शिवलेले लेबल वाचावे. शुद्ध बियाणे किती टक्के, उगवण किती, तणाचे बी किती, हे छापणे 1939च्या केंद्रीय बियाणे कायद्याने सक्तीचे आहे. पुष्कळदा वजनाचा तिसरा हिस्सा नुसता लेप निघतो. तोच क्लोव्हर गावच्या कृषी दुकानात साध्या पोत्यात स्वस्त मिळतो. आणि प्लॉटमध्ये तारेच्या जाळीचा एक गोल पिंजरा उभा करावा. आतले पीक गुडघाभर आणि बाहेरचे घोट्याइतके, म्हणजे हरणे खात आहेत. दोन्हीकडे सारखेच, तर पैसे वाया. या विषयात इतका स्वस्त आणि इतका खरा पुरावा दुसरा नाही.

ओकबद्दल दोन वाक्ये तरी हवीत. पांढऱ्या ओकच्या बिया एका मोसमात पिकतात, तांबड्याच्या दोन. पांढऱ्यात टॅनिन कमी, म्हणून हरणे आधी त्यावर पडतात. चांगल्या बहराच्या वर्षी प्लॉटकडे कुणी फिरकत नाही आणि मालक बियाणेवाल्याला शिव्या देतो. नवी झाडे लावायचीच तर पर्सिमन लावावे; आपल्या टेंभुर्णीच्याच प्रजातीतले, फळ गोड, देखभाल कमी.

मक्याचे दाणे ओतून हरणे जमवणे ही मात्र वेगळी गोष्ट, आणि आता धोक्याची. 1967 साली कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रात बंदिस्त हरणे झुरत मरताना दिसली. प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनाने होणारा हा मेंदूचा रोग आज तीसहून अधिक राज्यांत पोहोचला आहे. त्यावर लस नाही, औषध नाही, आणि प्रायॉन मातीत वर्षानुवर्षे टिकतो. एकाच ढिगात तोंडे घातली की लाळेतून तो पसरतो, म्हणून अनेक राज्यांनी असे खाद्य टाकण्यावर बंदी घातली. मिशिगनच्या खालच्या द्वीपकल्पात ती 2019 पासून आली. पेरलेल्या प्लॉटला कायदा सहसा शेती मानतो आणि सोडतो. खाणे मोठ्या क्षेत्रावर पसरते म्हणून धोका कमी, हा युक्तिवाद पटण्याजोगा आहे. पण अर्ध्या एकराच्या तुकड्यावर पंधरा हरणे रोज संध्याकाळी जमत असतील तर तो कितपत लागू होतो, याची मला शंका आहे.

खर्चाची एक बाजू सरकार उचलते. टेक्सासमध्ये 1995च्या मतदानाने वन्यजीव-व्यवस्थापनाला शेतीसारखीच मालमत्ता करात सवलत मिळाली. ठरवून दिलेल्या सात कामांपैकी तीन तरी दरवर्षी करावी लागतात. त्याच टेक्सासात 1932 पासून भारतातून नेलेली चितळे आहेत, आणि आता मोकळ्या रानात ती इतकी झाली आहेत की स्थानिक हरणांच्या ताटात हात घालतात. पाला संपला की चितळ गवतावर जाते. पांढऱ्या शेपटीच्या हरणाला ती सोय नाही.

शेवटी आकड्यांचा विषय, जो बहुतेक नवे मालक टाळतात. मिशिगनच्या जॉर्ज रिझर्व्हमध्ये 1928 साली कुंपणात सहा हरणे सोडली, दोन नर आणि चार माद्या. सहा वर्षांच्या आत ती दीडशेच्या वर गेली. वायव्य पेनसिल्व्हेनियात वनसंशोधकांनी दहा वर्षे वेगवेगळ्या दाटीने हरणे कुंपणात ठेवून पाहिली. दाटी वाढली तशी रोपे खुरटली, झाडांच्या जाती घटल्या, आणि हरणे ज्याला तोंड लावत नाहीत अशा नेच्यांचा गालिचा पसरला. चारा वाढवला की पाडसे वाढतात, आणि वाढीव चारा त्यांच्याच तोंडी जातो. म्हणून जाणता वनाधिकारी नव्या मालकाला पेरणीच्या आधी विचारतो, यंदा माद्या किती मारणार, आणि शेजारी किती मारणार? चाळीस एकरांत एकट्याने याचे उत्तर देता येत नाही, तेव्हा मिशिगन आणि इतर काही राज्यांत लगतचे मालक एकत्र येऊन सहकारी गट करतात, कुठला नर सोडायचा आणि किती माद्या घ्यायच्या हे वर्षाला एकदा एका टेबलाभोवती ठरवतात. ज्याला स्वतः बंदूक धरायची नाही, तो ओळखीच्या शिकाऱ्याला परवानगी देतो. जमीन अजून घ्यायची असेल, तर मातीच्या नमुन्याआधी त्या शेजाऱ्यांच्या घरी एक चक्कर मारून यावी.